हिवाळ्यात मशीन सुरू करताना: पांदण रस्त्याच्या कामावरच्या नोंदी

काम: पांदण रस्ता, लांबी २.४ किलोमीटर, माती-मुरमाचा भराव आणि दोन मोऱ्या. ठिकाण: नवेगावबांधच्या पुढे, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. माझ्या ताब्यातल्या मशिनी: २० टनी पोकलेन एक, जेसीबी एक (इथे कोणत्याही कंपनीच्या बॅकहोला जेसीबीच म्हणतात, मीही तसंच लिहितो), रोलर एक, टिप्पर दोन आणि पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर. पोकलेन आणि टिप्पर २४ व्होल्टवर, बाकीचे १२ वर. तापमान रोज सकाळी ६ वाजताचं, माझ्याच थर्मामीटरवरचं.

५ डिसेंबर, १३.५ अंश

धान कापून झालं, पुंजणे (धानाचे ढीग) लागले, तेव्हा कुठे शेतकऱ्यांनी मशिनी आत येऊ दिल्या. त्यांचं बरोबरच आहे, उभ्या पिकातून पोकलेन कोण जाऊ देईल? म्हणून पांदणीचं काम आपसूकच थंडीत येतं.

ऑपरेटरांनी मशिनी बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीखाली खोलगटात लावल्या होत्या. पाणी जवळ, वाऱ्याला आडोसा. मी त्या उचलून मोहाच्या दोन झाडांजवळच्या उंचवट्यावर नेल्या. रात्री थंड हवा जड होऊन खोलगटात साचते, आणि बोडीकाठी दव इतकं पडतं की सकाळी बॉनेटवरून पाणी गळतं. इंजिनाची बाजू पूर्वेकडे करायला लावली. पोकलेनवाला म्हणाला, "मशीनले काय ऊन शेकाचं आहे का जी, मिस्त्री?" हो, शेकायचंच आहे. आठ-सव्वाआठपर्यंत मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) गारठा मोडतो, आणि अडलेल्या दिवशी तेवढंही कामी येतं.

थर्मामीटर मोहाच्या फांदीला बांधला. गोंदिया हा विदर्भातला थंडीचा कोपरा. नागपूरचाच पारा २०१८ च्या डिसेंबरअखेरीस ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि तेच नागपूर मे महिन्यात ४५-४६ वर जातं. आपल्या मशिनींना एकाच वर्षात ही दोन्ही टोकं काढावी लागतात. डोंगराळ मुलखातल्या मशिनींना थंडी तरी ओळखीची असते. आमची उन्हाळ्यात भाजून निघते आणि मग थंडीला सामोरी जाते.

९ डिसेंबर, ११.०

पोकलेन सुस्त फिरली. घर्र, घर्र, आणि बसली. दुसऱ्या सेल्फला पांढरा धूर ओकत उठली. ऑपरेटरचं निदान तयारच होतं: थंडी. अकरा अंश ही डिझेल इंजिनासाठी थंडी नव्हेच, आणि हे एकदा नीट सांगायला हवं म्हणून हेल्पर पोराला जवळ बसवून सांगितलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेल उडालं की आपोआप पेटतं. डिझेलला पेटायला साधारण २१० ते २५० अंश पुरतात. हवा सोळा-सतरा पट दाबली की हिशेबाने ती याच्या दुपटीइतकी तापायला हवी. मे महिन्यात ४० अंशांची हवा आत जाते, डिसेंबरात १० ची. फरक ३० चाच दिसतो, पण दाबल्यावर तो वाढून जवळपास ८० अंशांचा होतो, कारण दाबताना तापमान पटीने चढतं. तरीसुद्धा पेटायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा बरीच जास्त उष्णता शिल्लक राहते. अट एकच, इंजिन जोरात फिरलं पाहिजे. सेल्फने मिनिटाला शंभर-दीडशे फेरे दिले तर हवा दाबली जाते. सुस्त फिरलं की तीच हवा पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटते, उरलेली गरमी थंड लोखंड पिऊन टाकतं, आणि न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून निघतं.

म्हणजे प्रश्न असा विचारायचा, की सेल्फ सुस्त का फिरला?

रात्रभर शांत उभ्या बॅटऱ्यांवर मीटर लावला. एक १२.६ व्होल्ट, दुसरी १२.१. सेल्फ मारताना दुसरी ८.४ वर बसली, तिथे ९.६ च्या खाली जायला नको. हायड्रोमीटर (तेजाबाची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजतो तो) घातला: पाच सेल १.२४ च्या आसपास, चौथा १.१४. तो सेल गेला. पोराने विचारलं, "थंडीनं गेला का काका?" नाही. गेला तो मे महिन्यात. बॉनेटखालच्या उष्म्याने पाणी आटलं, प्लेटा उघड्या पडल्या, कोणी झाकण उघडून पाहिलं नाही. उन्हाळ्यात ऑइल पातळ असतं म्हणून अर्धमेल्या बॅटरीनेही इंजिन फिरत राहिलं. आता ऑइल घट्ट, आणि गारठ्यात बॅटरीची ताकदही कमी. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीचीही पाचव्या हिश्शाची ताकद जाते. थंडीने फक्त झाकलेलं उघडं केलं.

साकोलीहून जोडीच मागवली. मालक म्हणाले एकच बदला. २४ व्होल्टच्या मशीनवर एक नवी, एक जुनी लावली की जुनी नेहमी अर्धपोटी राहते आणि नवी जास्त चार्ज होऊन उकळते. वर्षात दोन्ही जातात. मालकांना फोनवर हे पटवायला वीस मिनिटं लागली, पण त्यांनी ऐकलं.

१० डिसेंबर, १०.५

बॅटऱ्या दुपारी येणार होत्या. सकाळी तंबूतून बाहेर येतो तर ट्रॅक्टर पोकलेनच्या चेनीला खेटून उभा, ड्रायव्हरच्या हातात वायरी. १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरवरून २४ च्या मशीनच्या एका बॅटरीला जोड द्यायचा बेत. जीव धसकला. दोन बॅटऱ्यांतल्या वरच्या बॅटरीचा मायनस हा बॉडीचा मायनस नसतो, तिथे बॉडीच्या मानाने १२ व्होल्ट असतात. ट्रॅक्टरचा मायनस तिथे लावला, आणि ट्रॅक्टरचं लोखंड पोकलेनच्या लोखंडाला टेकलेलं, म्हणजे सरळ शॉर्ट. वायर वितळते, नाहीतर बॅटरी फुटून तेजाब तोंडावर येतं.

सगळ्यांना गोळा करून सांगितलं. १२ ला १२, २४ ला २४. दोन मशिनी एकमेकींना टेकता कामा नयेत. आधी प्लसला प्लस, मग मायनसची वायर शेवटी, आणि तीही बॅटरीवर न लावता लांब इंजिनाच्या ब्लॉकवर, कारण चार्ज झालेल्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीला पेटतो. काढताना उलट क्रम.

नव्या बॅटऱ्या लावल्यावरही मनासारखं फिरेना. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं ब्लॉकवर ठेवलं, आणि सेल्फ मारायला लावला. १.३ व्होल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसायला नको. म्हणजे वाटेत कुठेतरी ताकद गळतेय. अर्थिंगची पट्टी उघडली तर खाली रंग आणि गंज. मागे कधीतरी चेसिस रंगवताना कोणी तरी रंगावरच बोल्ट कसला होता. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केलं, नवं थिंबल, वरून पेट्रोलियम जेली. पुन्हा मोजलं, ०.२. सेल्फचा आवाजच बदलला. इतकी वर्षं हे काम करतोय, पण तो बदललेला आवाज ऐकून अजूनही छाती भरून येते.

सेल्फमधून शेकडो अँपिअर वाहतात. तिथे एवढासा गंजही मोठा अडसर होतो. दिव्याला, हॉर्नला तो जाणवतही नाही, म्हणून "लाइट तर चांगला लागते" हा पुरावा चालत नाही.

१३ डिसेंबर, ९.५

आज भांडण झालं. रोलर तिसऱ्या सेल्फलाही लागला नाही, तेव्हा ऑपरेटरने एअर फिल्टर उघडून काठीला डिझेलचा बोळा गुंडाळला आणि पेटवायला निघाला. "आमच्याकडं असंच करतेत जी, दोन मिनटात सुरू होते." मी काडीपेटी हातातून घेतली. चारचौघांसमोर त्याचा अपमान झाला असेल, संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसलो. पण बोळा लावू दिला नाही, आणि देणार नाही.

उमेदवारीच्या दिवसांत एका साइटवर माझ्यासोबतच्या पोराचा हात असाच भाजला. इंजिनाने जाळ आत ओढला, मग उलटा फेकला. कोपरापर्यंत. त्याच वर्षी दुसऱ्या एका मशीनवर ईथरचा स्प्रे मारताना पाहिला. त्या इंजिनाच्या इनलेटला हीटर होता आणि तो तापलेला होता. मॅनिफोल्डमध्येच स्फोट झाला, हवेचा होज फाटून उडाला. पुढे इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटलेल्या निघाल्या. ईथर फार कमी उष्णतेवर, पिस्टन वर पोचण्याआधीच पेटतो, आणि वर येणाऱ्या पिस्टनला घण घातल्यासारखा हाणतो. ज्या इंजिनाला ग्लो प्लग (हीटर प्लग) किंवा इनलेट हीटर आहे त्यावर ईथर मारणं म्हणजे जिवाशी खेळ. सम्पखाली (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्याखाली) शेकोटी करणंही त्यातलंच. तिथे वायरिंग आहे, डिझेलची नळी आहे, तेलाचा मळ आहे.

रोलरला काय झालं होतं? फ्यूज. हीटर प्लगचा फ्यूज उडालेला, डॅशवरचा दिवा मात्र लागत होता. चारही प्लग काढून एकेक तपासले, दोन मेलेले. मागवले.

मग चालेल ते काय? कोमट पाण्यात भिजवलेलं गोणपाट मॅनिफोल्डवर दहा मिनिटं. पंपावर उकळतं पाणी ओतायचं नाही, आतले भाग केसाच्या फटीत बसवलेले असतात, एकदम ताप बसला की अडकतात. फारच कडाका असेल त्या रात्री बॅटरी काढून तंबूत आणायची, चुलीपासून लांब. सेल्फ एका वेळी पंधरा-वीस सेकंद, मग दोन मिनिटं दम. आणि ट्रॅक्टरवाल्यांचा हुकमी उपाय, सेल्फशिवाय घरंगळत सुरू व्हावं म्हणून उतारावर लावून ठेवणं, हाही मी बंद केला. उतारावर लावायची गरज पडते म्हणजे दुरुस्ती बाकी आहे.

१६ डिसेंबर, १७.०

ढग. सगळ्या मशिनी पहिल्या सेल्फला सुरू. ऑपरेटर खूश, मी नाही. अशा दिवशी काहीच कळत नाही. शेतकरी लाखोळीच्या पिकाच्या काळजीत.

१९ डिसेंबर, ८.५

आभाळ फाटलं, उत्तरेचा वारा सुटला आणि पारा निम्म्यावर आला. समोरचं माणूस दिसू नये असं धुकं. टिप्पर साडेआठपर्यंत हलू दिले नाहीत.

जेसीबी सेल्फवर छान फिरतेय, पण लागत नाही. पोराला म्हटलं, सायलेन्सरकडे बघ, धूर कुठला? "धूरच नाही काका." यातच अर्धं उत्तर आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, जळत नाही. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. हाताच्या प्रायमरचे (डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचे) तीस-पस्तीस ठोके पोकळ गेले, मग तो कडक झाला आणि मशीन लगेच लागली. रात्रीतून लाइनने एअर घेतली होती.

एअर कुठून शिरते ते शोधण्यात दुपार गेली. टाकी ते पंप हा भाग ओढणीचा असतो, तिथली फट बाहेर डिझेल गाळत नाही, उलट आत हवा ओढते. त्यामुळे जमिनीवर थेंब शोधणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडून पाहिला, बुडबुडे सरळ टाकीकडून येत होते. टाकीपासूनचा रबरी होज उन्हाळ्यांनी भाजून लाकडासारखा झालेला. दिवसा इंजिनाच्या उबेने तो जरा मऊ पडून क्लिपमध्ये बसतो, पहाटे आकसतो आणि क्लिप सैल पडते. दीड फूट नवा होज, दोन क्लिपा, बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर नवे. खर्च किरकोळ.

डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर उघडला तर वाटीभर पाणी. डिझेल पाण्याहून हलकं, पाणी तळाशी बसतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री हवेतलं बाष्प पत्र्यावर जमतं आणि रोज थोडं थोडं खाली उतरतं. आजपासून नियम: डिझेल संध्याकाळी भरायचं, टाकी गळ्यापर्यंत. सेपरेटरचं पाणी सकाळी सेल्फ मारण्याआधी सोडायचं, रात्रीतून ते पूर्ण खाली बसलेलं असतं.

२२ डिसेंबर, ८.०

इथे माझी एक समजूत चुकीची निघाली. आजवर ठासून सांगत आलो की विदर्भात डिझेल गोठत नाही, ते लडाखचं दुखणं. आज टिप्पर दहा मिनिटं चालून दम टाकायला लागला. फिल्टर काढला तर कागदावर मेणचट, दुधाळ थर.

टिप्परला डिझेल बॅरलमधलं. बॅरल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरलेलं, दुसऱ्या साइटवरून उचलून आणलं. आपल्या देशात डिझेलचं मानक आयएस १४६० आहे, आणि त्यात हिवाळी-उन्हाळी डिझेलच्या मर्यादा वेगळ्या आहेत. थंडीत डिझेलमधलं मेण दाणे धरतं आणि एका तापमानाला ते गाळणीतून जाणं थांबतं. हिवाळी डिझेलसाठी ही मर्यादा ६ अंश, उन्हाळी डिझेलसाठी १८. हिवाळी माल नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. म्हणजे ऑक्टोबरात भरलेलं डिझेल ८ अंशांच्या सकाळी फिल्टरमध्ये अडलं, तर त्यात डिझेलची चूक काहीच नाही. ते ज्या ऋतूसाठी होतं त्या ऋतूत आम्ही ते वापरलं नाही.

खात्रीसाठी दोन काचेच्या बाटल्या. एकीत बॅरलचं, दुसरीत कालच पंपावरून आणलेलं. रात्रभर मोहाला टांगल्या.

२३ डिसेंबर, ८.०

बॅरलची बाटली गढूळ, पंपाची स्वच्छ. गढूळपणा पाण्याचाही असू शकतो, म्हणून दोन्ही उन्हात ठेवल्या. दहा वाजता बॅरलची बाटलीही निवळली, तळाशी पाण्याचा थेंब नाही. मेणच होतं. पोराने हे सगळं मोबाइलवर टिपून घेतलं.

टिप्परवाला म्हणाला, रॉकेल मिसळू, पातळ होईल. होईल, पण डिझेलच पंपाला आणि नोझलला वंगण पुरवतं. रॉकेलमध्ये ते वंगण नाही, आणि नव्या गाड्यांच्या पंपाची किंमत ऐकली तर झोप उडेल. भेसळीचा गुन्हा वेगळाच. बॅरलचं डिझेल दुपारी, ऊन असताना, पोकलेनच्या टाकीत पंपाच्या ताज्या डिझेलमध्ये थोडं थोडं घालून संपवायचं ठरवलं. टिप्परला नवा फिल्टर.

२५ डिसेंबर, ९.०

मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट आज सापडली. जेसीबी सुरू होते, पण दिवसभर तिचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खालीच राहतो. धूर करते, डिझेल जास्त पिते, डिपस्टिकला डिझेलचा वास. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तिचं घर उघडलं: आत थर्मोस्टॅटच नाही.

हे इथल्या निम्म्या मशिनींचं दुखणं आहे. मे महिन्यात इंजिन तापलं की कोणी तरी सांगतो, थर्मोस्टॅट काढून टाक, पाणी मोकळं फिरेल. काढतात, तो कुठे तरी डब्यात जातो, आणि हिवाळ्यात परत लावायचं कोणालाच आठवत नाही. मग थंडीत इंजिन कधी नीट तापतच नाही. ते साधारण ८० अंशांच्या वर चालावं असं बनवलेलं असतं. थंड सिलिंडरच्या भिंतीवर डिझेल अर्धवट जळतं, उरलेलं रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंग झिजतात. कार्बन नोझलच्या टोकाला बसतो आणि सकाळचं स्टार्टिंग आणखी अवघड होतं. उन्हाळ्यातही फायदा होतोच असं नाही. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच गरम फिरत राहतं.

नवा आणला, लावण्याआधी तपासला. कॅम्पच्या स्वयंपाकाचा गंज (पातेलं) पाणी भरून चुलीवर ठेवला, थर्मोस्टॅट तारेने पाण्यात लोंबता सोडला, बाजूला थर्मामीटर. तळाला टेकू द्यायचा नाही, तळ पाण्याहून गरम असतो. ८१-८२ ला हलला, उकळी येईपर्यंत पुरता उघडला. सगळे चुलीभोवती बसून पाहत होते. पोकलेनवाला हळूच म्हणाला, "मिस्त्री, आपल्यातबी नसन तो." उघडलं. नव्हता.

दोन्हींत बसवले. बोअरचं खारं पाणी काढून टाकलं. रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराची पांढरी साय जमलेली, उन्हाळ्यात इंजिन तापायचं खरं कारण तेच. दोनदा धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. असं मिश्रण उणे ३५ अंशांखालीही टिकतं. आपल्याला त्याचं काम पडणार नाही, पण गंज आणि क्षार रोखायला ते हवंच.

संध्याकाळी जेसीबीचा काटा मधोमध. धूर गेला. ऑइल आणि फिल्टर बदलून टाकला, डिझेल मिसळलेलं ऑइल ठेवण्यात अर्थ नव्हता. १५ डब्ल्यू-४० भरलं. इथल्या थंडीला आणि उन्हाळ्याला ते दोन्हीकडे पुरतं. जुन्या सवयीने नुसतं ४० नंबरचं भरतात ते मात्र पहाटे काकवीसारखं होतं.

२८ डिसेंबर, ८.५

हायड्रॉलिकबद्दल. पोकलेनमध्ये ६८ नंबरचं ऑइल आहे, उन्हाळ्याच्या हिशेबाने. ६८ हा आकडा ४० अंशांवरचा. पहाटे ते कित्येक पट घट्ट असतं. सुरू केल्या केल्या बकेट भरायला घेतली की पंपाला ओढायला तेल मिळत नाही आणि तो कुईं करून ओरडतो. तो ओरडा म्हणजे पंपाच्या पोटात पोकळी होऊन धातू कुरतडला जात असतो. म्हणून पाच मिनिटं हळू आयडलवर, मग बूम, आर्म, बकेट एकेक रिकामे, सावकाश, पूर्ण टोकाला न नेता. मग स्विंग, मग चेन पुढेमागे. पंधरा मिनिटं जातात. ऑपरेटर आता कुरकुरत नाही.

त्याच वेळी अर्धा-अर्धा तास नुसतं आयडलवर ठेवणंही बंद करायला लावलं. आयडलवर इंजिन तापत नाही, फक्त कार्बन खातं. तीन-चार मिनिटांत ऑइलचा दाब आणि टर्बोला तेल पोचलं की हलकं काम सुरू. पिन-बुशांना ग्रीस संध्याकाळी, मशीन गरम असताना. सकाळी तेच ग्रीस गनमधून निघता निघत नाही. टिप्परच्या हवेच्या टाकीतलं पाणीही रोज संध्याकाळी सोडायचं.

३१ डिसेंबर, ९.५

टिप्परचा सेल्फ मुका. टकसुद्धा नाही. वायर कुरतडलेली. धान निघालं की शेतातले उंदीर ऊब शोधत इंजिनात येतात, बॅटरीच्या पेटीत धानाची फोलकटं आणि घरट्याचा कापूस सापडला. वायर जोडून वर पत्र्याची नळी चढवली. पोराला सक्त सांगितलं की बॉनेट उघडल्यावर आधी टॉर्च, मग हात. उंदराच्या मागे नाग-घोणसही येतात.

४ जानेवारी, ७.०

या कामावरची सगळ्यात थंड सकाळ. गवतावर पांढरं दव, हातात पाना धरवेना. पाच वाजल्यापासून जागा होतो, खरं सांगायचं तर रात्रभरच. पोकलेन पहिल्या सेल्फला, चार सेकंदांत. जेसीबी पहिल्या. रोलर हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून, पहिल्या. एक टिप्पर दुसऱ्या सेल्फला, कारण ड्रायव्हरने सेपरेटर सोडला नव्हता. त्याने स्वतःहून कबूल केलं. ट्रॅक्टर सपाटीवर उभा होता, तिथूनच लागला.

रोलरचा ऑपरेटर माझ्याकडे बघून हसला. १३ तारखेनंतर पहिल्यांदाच.

११ जानेवारी, १२.५

भराव पूर्ण, दुसऱ्या मोरीचं पाइप बसलं, मशिनी उद्या निघतात. पोराने वहीत प्रत्येक मशीनचं पान केलं आहे: बॅटरीचे व्होल्ट, सहा सेलांची ग्रॅव्हिटी, सेल्फ मारताना अर्थिंगवर किती, होज कधी बदलला. अक्षर वाकडं आहे, आकडे बरोबर आहेत, मी दोन मशिनींवर स्वतः ताडून पाहिले.

जेसीबी आणि पोकलेन, दोन्हींच्या थर्मोस्टॅटच्या घरावर लाल रंगाने लिहिलं: "काढू नका. तापलं तर रेडिएटर धुवा." एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही रेडिएटर उतरवून साफ करायचे आहेत, मालकांकडून ती तारीख आजच घेऊन ठेवली.